मोंजियाचा वाटा

मोंजियाने शिवलेल्या एप्रनचं बटण तुटलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या शाळेतली मुलं कपड्यांवरून घालतात ते एप्रन, मुलींचे गुलाबी आणि मुलांचे निळे, वर्षानुवर्षं तीच शिवत आली. मुलं भांडायची, कॉलर फाटायची, खिसा उसवायचा, पण बटण जागच्या जागी. एकदा मी तिला म्हटलं, "अगं, इतकं घट्ट शिवतेस, मुलांना उघडता तरी येतं का?"

"उघडायला आया आहेत, बाई," ती म्हणाली. "हरवलं तर मात्र सगळे माझ्याच दारात येतात."

ती तिसरीत असताना माझ्या वर्गात होती. गणितात बेताची, अक्षर सुरेख. वर्गात कोणी रडायला लागलं की काही न विचारता त्याच्या शेजारी जाऊन बसायची, आणि रडणं थांबलं की आपल्या जागेवर परत. तिचं लग्न ठरलं त्याच वर्षी आई आजारी पडली. नवऱ्या मुलाला फ्रान्सला जायचं होतं. मोंजियाने लग्न पुढे ढकललं, आई गेल्यावर आणखी थोडं पुढे ढकललं, आणि मग त्याबद्दल कोणी बोलेनासं झालं. धाकटा भाऊ नौफल हुशार निघाला. शिकला, समुद्रापलीकडे स्फाक्स शहरात बंदराच्या कचेरीत लागला, तिथेच तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. बेटावरच्या घरात राहिले मोंजिया आणि तिचे वडील, खमैसकाका.

खमैसकाका शर्फियावाले. केर्केनाच्या आमच्या बेटांभोवती समुद्र उथळ आहे, ओहोटीला माणूस मांडीएवढ्या पाण्यातून दूरवर चालत जातो. त्या पाण्यात खजुराच्या झावळ्या ओळीने रोवून कुंपण करायचं. ओहोटीबरोबर परतणारा मासा कुंपणाच्या कडेकडेने जातो, कोंडाळ्यात शिरतो आणि तिथून सापळ्यात. ही शर्फिया. समुद्राच्या त्या तुकड्यावर घराण्याचा हक्क असतो, जसा शेतावर असतो. दुसऱ्याच्या शर्फियेला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे मूल चालायला लागतं तेव्हाच शिकतं. झावळ्या दर शरदात नव्याने रोवायच्या. रोवण्याआधी फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, म्हणायची, काम झालं की सगळ्यांनी मिळून जेवायचं. आणि जून आला की मालकाने स्वतःच्या हाताने कुंपण उघडायचं, म्हणजे उन्हाळाभर मासे मोकळे.

समुद्रावरून आले की खमैसकाका सगळ्यांत आधी एक छोटा मासा निवडून पानात गुंडाळत आणि बाजूला ठेवत. "हा मोंजियाचा वाटा." ती पाच वर्षांची होती तेव्हा सुरू झालेलं हे, तिचे केस पांढरे व्हायला लागले तरी चालूच होतं. बाकीची टोपली बाजारात जायची. तो मासा मात्र ती स्वतः भाजायची आणि स्वतः खायची. भावालासुद्धा त्यातला काटा मिळायचा नाही.

आजार आला तो कळलाच नाही. एकदा मशिदीतून दुसऱ्याच्याच चपला घालून आले, आम्ही हसलो. मग मोंजियाच्या गेलेल्या आईचं ताट वाढायला सांगू लागले. मग एक दिवस फोनवर नौफलला म्हणाले, "कोणता नौफल? कोणाचा मुलगा तू?" त्या दिवशी कोणी हसलं नाही. शर्फिया रोवायचं तोपर्यंत बंद झालं होतं. त्यांच्या जागेवर पाण्यात जुन्या झावळ्यांची खुंटं तेवढी उरली होती.

पण पाय विसरले नव्हते. ओहोटी लागली की ते उठत, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडत आणि मागच्या दाराने निघत. घराच्या मागे वाळूची मोकळी जागा, चार खजूर, आणि त्यापलीकडे लगेच पाणी. मोंजिया शिवणयंत्र सोडून धावायची. दिवसातून एकदा, कधी दोनदा. तिचे गुडघे गेलेले. तिने मागच्या दाराला कुलूप घातलं, तर त्यांनी दारावर इतके ठोसे मारले की हात रक्ताळले. "चोरांनी कोंडलंय मला!" असं ओरडत होते. मी शेजारून भिंतीवरून डोकावले तेव्हा ती त्यांचे हात धूत होती आणि ते तिलाच सांगत होते, "बाई गं, तू भली दिसतेस. दार उघड, पाणी चाललंय."

स्फाक्सच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, अशा माणसांसाठी राहण्याची सोय असलेलं एक घर आहे, जाऊन तरी बघा. मोंजियाने ते शुक्रवारच्या जेवणात सांगितलं. नौफल आलेला होता, खमैसकाकांची बहीण शेदलियाआत्या होती, आणि शेजारी म्हणून मी. खमैसकाका ताटातला रवाळ कुसकुस बोटाने एका बाजूला सारून नीट ओळ करत होते.

आत्याने चमचा खाली ठेवला. "या बेटावर आजवर कोणी बापाला असं लोटून दिलंय? नाव सांग एकाचं."

"आत्या, नुसतं बघून यायचं म्हणतेय."

"बघून येतात ते घोडा, नाहीतर नवरी. बापाला कसलं ठिकाण बघतेस? तुझी आई असती तर—"

"आई असती तर मी झोपले असते, आत्या." मोंजियाचा आवाज चढला नाही. "उद्यापासून रोज सकाळी या. चादरी तुम्ही धुवा, आणि तुम्ही बसता तिथे बसून मी नावं ठेवते."

आत्याने पदरासारखा रुमाल तोंडावर ओढला आणि नौफलकडे बघितलं. नौफल म्हणाला, "असल्या घरात ठेवायचं नाही. मी मेलो तरी नाही. लूद बोटीवर चढलो की अख्खं बेट विचारेल, खमैसचा मुलगा ना तू? मी घेऊन जातो त्यांना."

"गेल्या वसंतात नेलं होतंस."

गेल्या वसंतात त्याने नेलं होतं खरं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभं राहून खमैसकाका खालचा रस्ता बघत आणि भरती कधी येणार विचारत. एके दिवशी त्यांनी न्हाणीघरातले सगळे नळ सोडून दिले. पाणी जिन्याने खाली गेलं. हुदाने, म्हणजे नौफलच्या बायकोने, लहान मुलांना घेऊन माहेर गाठलं, आणि ईदच्या आधी काका लूदने परत आले. लूद म्हणजे आमची बेटावर येणारी बोट, सगळी सुखदुःखं तिच्यावरूनच ये-जा करतात.

जेवण तसंच आटोपलं. जाताना मोंजियाने मला दारात थांबवलं. "बाई, त्या घराचा विषय संपला. मी दुसरं काहीतरी करते."

तिने जे केलं ते आमच्या बेटावरच्याच माणसाला सुचलं असतं. सप्टेंबर संपत आला होता, सगळ्यांच्या झावळ्या तोडून पडल्या होत्या. तिने शेजारच्या रिधाकडून गाडीभर झावळ्या मागून आणल्या आणि मागच्या दारापासून वाळूत रोवायला सुरुवात केली. एक ओळ समुद्राच्या दिशेने, मग वळण, मग खजुरांच्या मागून फिरून स्वयंपाकघराच्या दाराशी परत. तिचं गणित साधं होतं. आमचा माणूस कुंपण मोडत नाही, ओलांडत नाही. त्याच्या कडेने चालतो. बाबा मागच्या दाराने निघतील आणि चालत चालत चुलीपाशी येतील.

शेदलियाआत्या बघायला आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बापाचा मासा केलास?"

"मासा परत येत नाही, आत्या. बाबा परत येतील."

आणि ते आले. पहिल्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात श्वास रोखून उभ्या होतो. खमैसकाका पायजमा दुमडून निघाले, झावळ्या दिसल्या तसे थबकले. मग हात मागे बांधून कुंपणाच्या कडेने सावकाश चालू लागले, एखादा पाहुणा दुसऱ्याची बाग बघतो तसे. वळणावर वळले. स्वयंपाकघराच्या दारात आले, मोंजियाला बघून म्हणाले, "चांगली रोवलीय. कोणाची?"

"रिधाची, बाबा."

"रिधाची. हं." आणि चहा मागितला.

असे काही आठवडे गेले. मोंजिया पुन्हा यंत्रावर बसू लागली. तिच्या तोंडावर जरा झोप झाल्यासारखं दिसू लागलं. ओहोटीला काका निघायचे, हात मागे बांधून फिरून यायचे, रोज तेच विचारायचे आणि रोज तिने तेच सांगायचं. त्यांनी एकदाही झावळीला बोट लावलं नाही. एक झावळी वाऱ्याने कलली होती, तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले, पण हात मागेच.

त्याच दिवशी चहा घेताना त्यांनी विचारलं, "रिधाची आहे. बशीरच्या मुलांची आहे. सगळ्यांच्या आहेत. माझी कुठे गेली?"

मोंजिया त्यांच्या पेल्यात चहा ओतत राहिली.

"मी विकली का? मी शर्फिया विकली? बापाने दिलेली?" त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "कोणाला सांगू नकोस."

मी समोर बसले होते. मोंजियाने माझ्याकडे बघितलं, मग वडिलांकडे. आणि म्हणाली, "विकली नाही, बाबा. हीच तुमची. ही समोरची."

त्यांनी मागे वळून बघितलं. उठले. कललेल्या झावळीपाशी गेले आणि तिला सरळ केलं. टाचेने भोवतीची वाळू दाबली. मग आम्हाला हाक मारली, "अरे, फातिहा म्हटली का कोणी? नुसतीच रोवून ठेवलीत?" आम्ही तिघांनी तिथे उभं राहून फातिहा म्हटली. एक शब्द चुकला नाही त्यांचा. "आता माणसांना जेवायला घाल," ते मोंजियाला म्हणाले. तिने जवाच्या कण्या शिजवल्या, वाळवलेला ऑक्टोपस घातला. शेदलियाआत्यालाही बोलावलं. आत्या तोंड वाकडं करत आली आणि दोनदा वाढून घेतलं.

तो हिवाळा त्या घराला सुखाचा गेला. हे मी सांगितलंच पाहिजे, कारण नंतरचं सगळं लोकांना आठवतं आणि हे आठवत नाही. खमैसकाकांना काम मिळालं. सकाळी कुंपण तपासायचं, वाऱ्याने पाडलेलं उभं करायचं, जुनी झावळी काढून नवी लावायची. बोटांना सगळं येत होतं. कधी वाळूतला शिंपला उचलून आणत, पानात गुंडाळत आणि यंत्राशेजारी ठेवत. "मोंजियाचा वाटा." त्या क्षणी समोरची बाई मोंजिया आहे हे त्यांना ठाऊक असायचं की नाही, सांगता येत नाही. ती मात्र ते शिंपले सुयांच्या डब्याशेजारी ओळीने मांडून ठेवायची.

मग जून आला.

मोंजियाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. शाळा सुटायच्या वेळेला पुढच्या वर्षीच्या एप्रनांची घाई असते, ती यंत्रावर होती. ज्याची शर्फिया असते तो जूनमध्ये ती उघडतो. कुंपण रिधाचं असतं तर खमैसकाका त्याला कधीच शिवले नसते. पण कुंपण त्यांचं होतं. त्यांनी समुद्राकडच्या वळणावरच्या झावळ्या एकेक करून उपटल्या, नीट पेंढी बांधून बाजूला ठेवली आणि निघाले.

मी गच्चीवर टोमॅटो वाळत घालत होते. आधी मला ती पेंढी दिसली, मग पाण्यात दूर एक पांढरं डोकं. मी ओरडले. मोंजिया यंत्रावरून उठून तशीच धावली, गळ्यात माप घ्यायची फीत. ओहोटी संपून पाणी परत फिरलं होतं. मी रिधाच्या घराकडे पळाले. त्याची होडी काढेपर्यंत आम्हाला त्या दोघांची फक्त डोकी दिसत होती, एकमेकांजवळ.

तिथे काय झालं ते तिने मला पुढे सांगितलं, कपड्यांवर नावं शिवताना, मान वर न करता.

खमैसकाका जुन्या खुंटांपाशी उभे होते. पाणी छातीला लागलेलं. तिने त्यांचा दंड धरला. "बाबा, चला."

त्यांनी तिच्याकडे बघितलं, रागाने नाही, काळजीने. "कोणाची गं तू? घरी सांगून आलीस का? भरती लागलीय, बाप शोधत असेल तुझा."

"तुमचीच आहे मी. मोंजिया."

"माझी मोंजिया एवढी म्हातारी नाही," ते म्हणाले. "ती घरी आहे. कोंडाळं उघडलं की जातो मी. तू नीघ."

तिने ओढलं, ते हलले नाहीत. अजूनही अंगात शर्फियावाल्याचं बळ. मग तिने ओढायचं सोडलं आणि त्यांना नुसतं धरून उभी राहिली.

"बाई," ती मला म्हणाली, "पाणी गळ्यापर्यंत आलं होतं. आणि मला वाटलं, येऊ दे. आता हात मारायचे नाहीत. दोघंही इथेच. चादरी नाहीत, कुलूप नाही, आत्या नाही." तिने दोरा दातांनी तोडला. "क्षणभरच. मग रिधाचा आवाज आला. पण मी समुद्राला भ्यायले नाही त्या दिवशी. त्या क्षणाला भ्यायले. तो परत आला तर?"

नौफल दुसऱ्या दिवशी पहिल्या लूदने आला. वडील गाढ झोपले होते. तो मागच्या दाराने बाहेर गेला, उघड्या वळणापाशी उभा राहिला, बांधून ठेवलेली पेंढी बघितली. आत येऊन म्हणाला, "मी घेऊन जातो त्यांना."

"हुदाला विचारलंस?"

तो खाली बसला.

"नौफल, मी त्यांना त्या घरी नेतेय. तुला विचारत नाहीये, सांगतेय. तू बरोबर आलास तर मला बरं वाटेल."

"लोक काय म्हणतील, ताई?"

"लूदवर असतील तोवर म्हणतील. मग उतरतील आणि आपापल्या घरी जातील." मग तिचा आवाज फुटला. "मी नाही का म्हणत? रोज म्हणते मी स्वतःला. लोकांचं काय घेऊन बसलास?"

नौफलने तिच्या गळ्यात हात टाकला आणि तो मोठ्याने रडू लागला. आतून खमैसकाकांनी विचारलं, "कोण गेलं रे?"

घर बघायला मी तिच्याबरोबर गेले. स्फाक्सच्या बाहेर, बदामांच्या झाडांत जुनी बैठी इमारत. मागे बाग, बागेभोवती सरूची दाट कुंपणं आणि त्यांच्या कडेने गोल फिरून परत दाराशी येणारी पायवाट. ती पायवाट बघून मोंजिया जरा थबकली. तिथली प्रमुख रदिया म्हणून एक बाई, पूर्वी परिचारिका होती. तिने आजार विचारला नाही. विचारलं ते वेगळंच. कशाला घाबरतात? हाताला काय काम असायचं? तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?

"कधी मोंजिया. कधी आई. कधी काहीच नाही."

"आणि तुम्हाला काही विचारायचंय?"

मोंजियाने खिडकीकडे बघितलं. "इथून समुद्र दिसतो?"

रदिया ओशाळली. "नाही हो. बाकी सगळं आहे, तेवढं नाही."

"मग बरं," मोंजिया म्हणाली. आणि बाहेर आल्यावर एका बदामाच्या झाडाला टेकून, तोंडात रुमालाचं टोक कोंबून, इतकी रडली की रस्त्यावरून जाणारा गाडीवाला थांबून विचारू लागला, कोणी वारलं का.

तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, म्हणून कॉलरच्या आत नाव शिवून आणायला सांगितलं होतं. प्रत्येक सदरा, प्रत्येक बंडी. मोंजियाने नावं एवढी घट्ट शिवली की काढायची झाली तर कापडच कापावं लागेल.

निघायच्या दिवशी तिने त्यांना आंघोळ घातली, दाढी केली, डोक्यावर लाल टोपी घातली. "स्फाक्सला जायचंय, बाबा."

"विकायला काय नेतोय?"

"काही नाही. असंच."

"असंच कोण जातं स्फाक्सला?" ते हसले. पण आले. धक्क्यावर शेदलियाआत्या उभी होती. महिनाभर मोंजियाशी बोलत नव्हती. तिने पावात उकडलेली अंडी घालून आणली होती, ती भावाच्या हातात कोंबली, त्याच्या टोपीचा मुका घेतला. मग मोंजियाकडे न बघता म्हणाली, "त्या बायांना सांग, मीठ कमी घाला म्हणावं. लहानपणापासून खारट चालत नाही त्याला. सगळा जन्म समुद्रात, आणि खारट चालत नाही."

"सांगते, आत्या."

"आणि डाव्या कुशीवर झोपतो."

"सांगते."

लूदवर खमैसकाका सगळ्यांना सलाम करत फिरले. मुलं बरी आहेत ना, आई बरी आहे ना, विचारत राहिले. ज्यांना माहीत होतं ते त्यांच्या खांद्याचं चुंबन घेत आणि मोंजियाकडे बघायचं टाळत. त्या घरी पोचल्यावर रदिया मोंजियाला आणि बरोबर आलेल्या नौफलला हळूच म्हणाली, ते जेवायला बसले की तुम्ही दोघं निघा, निरोप घेऊ नका. नौफल निघालाही. मोंजियाच्याने राहवेना. ती परत आत गेली, त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाबा, मी येते."

त्यांनी घास खाली ठेवला. "भरती लागायच्या आत जा," म्हणाले.

ती दर आठवड्याला जायची. मी तिच्याबरोबर पुन्हा गेले ते शरदात, आमच्याकडे झावळ्या रोवायचे दिवस होते तेव्हा. जाताना लूदवरून दोन्ही बाजूंना माणसं पाण्यात उभी दिसली, हातात झावळ्या. मोंजियाने डबा भरून घेतला होता. जवाच्या कण्या, ऑक्टोपस, मीठ कमी.

खमैसकाकांचं वजन भरलं होतं. बंडी स्वच्छ, नखं कापलेली. आम्हाला बघून उभे राहिले, जसं आपण परक्या बायकांसाठी उभे राहतो. बागेतल्या बाकावर आम्ही तिघं बसलो. त्यांनी मन लावून खाल्लं. "तुमच्या हाताला चव आहे," मोंजियाला म्हणाले. "माझी मुलगी असंच करते."

जेवण झाल्यावर ते फिरायला उठले. आम्ही मागे. सरूच्या कुंपणाच्या कडेने ते सावकाश चालत होते, आणि या वेळी हात मागे बांधलेले नव्हते. बोटं पानांवरून सरकत होती. एके ठिकाणी फांदी वाकली होती, तिथे थांबले. ती सरळ करायला दोन्ही हात पुढे केले आणि मोंजियाकडे वळून विचारलं, "ही कोणाची?"

मोंजिया उभी राहिली. ते वाट बघत होते, हात तसेच फांदीवर, चेहऱ्यावर आशा म्हणावी असं काहीतरी.

"दुसऱ्यांची आहे, बाबा," ती म्हणाली. "आपली नाही."

"असं," ते म्हणाले. त्यांनी लगेच हात काढून घेतले, जणू चटका बसला. मागे बांधले. "माफ करा. मला वाटलं—" पायवाट फिरून दाराशी आली, तसे तेही आले.

निघताना त्यांनी बाकावर उरलेला पाव घेतला, डब्यातला ऑक्टोपसचा राखून ठेवलेला तुकडा त्यात घातला, खिशातून हातरुमाल काढून नीट गुंडाळला. मग आजूबाजूला बघून, कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून, मोंजियाच्या हातात दिला.

"तुम्ही बेटावर जाताय ना? हा मोंजियाचा वाटा. अताया गावात कोणालाही विचारा, घर दाखवतील. एकटी आहे ती. सांगा, बाबा येतोय म्हणावं, पाणी उतरलं की."

"सांगते," मोंजिया म्हणाली.

परतीच्या लूदवर ती कठड्याशी बसली. हातरुमाल मांडीवर होता, त्यावर दोन्ही हात. रिधाची बायको शेजारी येऊन बसली, काका कसे आहेत विचारलं, मोंजियाने बरे आहेत सांगितलं. घरी आल्यावर मी माझ्या गच्चीवर कपडे काढायला गेले. ती मागच्या दाराच्या पायरीवर बसली होती. वाळूत कुंपणाचा उरलेला भाग अजून उभा होता, वळणापाशी उघडा. तिने हातरुमाल सोडला आणि पाव खाऊ लागली, लहान लहान घास करून. कोणालाही न देता, सगळा.